बाबांच्या सहीचे बारा अर्ज

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या निवृत्तीच्या समारंभाचा फोटो मिळाला. फुलांच्या गुच्छामागे नुसतं नाक दिसतंय, पण नाक आपल्याच घरातलं, म्हणून ओळखलं. वहिनींना म्हणावं, आता दिवसभर हा माणूस घरात असणार, देव तुम्हाला बळ देवो.

आता एक कबुली. शेवटपर्यंत वाच, मग काय ते रागाव. आपल्या कुलूप-किल्लीच्या दुकानाचा परवाना अजून बाबांच्याच नावावर आहे. हो, त्यांना जाऊन अकरा वर्षं होऊन गेली तरी! शेवटच्या आजारपणात त्यांनी माझ्याकडून नूतनीकरणाचे बारा कोरे अर्ज मागवले आणि उशीला टेकून बाराच्या बारांवर सह्या करून ठेवल्या. कचेरीत पोरीला हेलपाटे नकोत, एवढंच म्हणाले. बाराच का, ते मी विचारलं नाही. तेव्हापासून दर वर्षी वरचा एक अर्ज काढायचा, तारीख घालायची, खिडकीत सरकवायचा. कारकूनकाका चष्म्यावरून बघायचे, बाबा बरे आहेत ना म्हणून विचारायचे, मी मान हलवायची आणि ते शिक्का मारायचे. ते बाबांना पोचवायला आले होते रे! पण दर वर्षी विचारायचे.

यंदा काका निवृत्त झाले. खिडकीत एक तरुण अधिकारीबाई आहे. शेवटचा, बारावा अर्ज दिला, तर तिने परवानाधारकाचं वय विचारलं. मी मनात बेरीज केली, सत्त्याण्णव आलं. तिने शांतपणे सांगितलं, त्यांना एकदा घेऊन या. शेवटी खरं सांगून टाकलं. पोरगी भली आहे, ओरडली नाही. म्हणाली, दोन्ही मुलांनी समोर येऊन सह्या केल्या तर परवाना माझ्या नावावर होईल. एकतीस मार्चपर्यंत. नाहीतर नोंद रद्द आणि पाटी खाली. अर्ज तिने तसाच परत दिला.

तेव्हा दादा, दोन दिवस काढ आणि ये. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पितळी


ता. १८ फेब्रुवारी

चि. पितळीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की वहिनी हातातलं काम टाकून बघायला आली. गेलेला माणूस अकरा वर्षं परवाना काढतोय! बाबांचा रांगेतला नंबर यमानेसुद्धा राखून ठेवला म्हणायचा.

मग रात्रभर तो परवान्याचा दिवस डोळ्यांपुढून हलेना. वर्षातून तेवढाच एक दिवस दुकान बंद. लोकांची मुलं सहलीला जायची, आपण कचेरीत. आई डबा बांधायची, बाबा इस्त्रीचा शर्ट घालायचे. तुझ्या केसांतला पितळेचा कीस आई ओल्या फडक्याने पुसून पुसून दमायची, तरी एखादा कण चमकायचाच. म्हणून तर तू पितळी. त्या लांब बाकावर खिडकीकडच्या जागेसाठी आपण एकमेकांना चिमटे काढायचो आणि थोरला म्हणून ती मीच बळकावायचो. शिक्का मिळाला की तिथेच डबा उघडायचा आणि पहिला घास कारकूनकाकांना. एवढी मजा पुढे कुठल्या प्रवासात आली नाही बघ.

पण आता स्पष्ट लिहितो. मी सही करणार नाही. तुझी बोटं सकाळी मिटत नाहीत हे तूच कळवलं होतंस. किती दिवस कानस घासणार? इथे मागची खोली रिकामी आहे, ऊन चांगलं येतं. पाटी उतरव आणि ये.

आणि मनातलंही सांगतो. मी दुकान सोडून नोकरीवर गेलो, त्यानंतर बाबांनी मला एकदाही त्या बाकावर बोलावलं नाही. मरायला टेकले तेव्हाही बारा सह्या स्वतः केल्या, पण थोरल्याला एका शब्दाने विचारलं नाही. जिथे त्यांनी मला धरलंच नाही, तिथे आता मी काय म्हणून येऊ?

औषध वेळेवर घे. उलट टपाली होकार कळव.

तुझा,
दादा


ता. ६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि आठवडाभर मी तुझ्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडले. एका गिऱ्हाइकाची चावी उलटी कापली, तुझ्यापायी! मग दम संपला. तुझ्या सहीशिवाय काही होणार नव्हतं. म्हटलं चला, जाते दादाकडे उन्हाच्या खोलीत.

परवा दुपारी दारावर लावायची सूचना लिहायला बसले. दुकान एकतीस तारखेपासून कायमचं बंद. कच्चं लिहायला कोरा कागद कशाला फुकट घालवायचा? पाठकोऱ्यावर लिहायची सवय बाबांचीच. तो परत आलेला बारावा अर्ज घेतला आणि उलटा केला.

मागे पेन्सिलीने बाबांचं अक्षर. ओळ खाली उतरत गेली आहे. जसंच्या तसं उतरवते: ‘हा शेवटचा. पुढच्या वर्षापर्यंत थोरल्याची नोकरी संपलेली असेल. तोवर त्याची रजा मोडू नये. मग दोघांनी मिळून जावे. दुकान बंद ठेवावे. डबा न्यावा.’

दादा, मी ढसाढसा रडले. खिडकीत देताना अर्ज कधी उलटा करून बघितलाच नव्हता. एक बाई कुलूप घेऊन दारात उभी होती, तिला वाटलं माझ्याकडे कुणी गेलं की काय. तिचं कुलूप मी फुकट उघडून दिलं.

म्हातारा एका वर्षाने चुकला. पुढचं वर्ष यायच्या आधीच हा अर्ज परत आला. एवढं त्याला माफ करू या.

तो कागद सोबत पाठवत नाही. टपालावर माझा भरवसा नाही. अक्षर बघायचं असेल तर इथे ये. सूचना लिहिलेली नाही.

वाट बघते, आणखी काय मागू?

तुझी,
पितळी


ता. १२ मार्च

चि. पितळीस,
अ. उ. आ.

वहिनीला वाचून दाखवत होतो. ‘रजा मोडू नये’ पर्यंत आलो आणि पत्र तिच्या हातात दिलं. उरलेलं तिने वाचलं.

सगळी वर्षं मी समजत होतो की म्हाताऱ्याने मला वजा केलं. आणि तो पडल्या पडल्या माझ्या निवृत्तीची वर्षं मोजत होता. मी मूर्ख आहे, हे तू लहानपणापासून सांगत आलीस. आज कबूल करतो, पण लेखी दिलं म्हणून मिरवत बसू नकोस.

एकोणीस तारखेला दुपारच्या गाडीने येतो. वीसला दुकान बंद ठेव. इस्त्रीचा शर्ट आणतोय. डबा तूच कर आणि तिघांना पुरेल एवढा कर, त्या अधिकारीबाईला पहिला घास द्यायचाय. बोटांचं दुखणं मी विसरलेलो नाही. पंधरा दिवस राहीन, कानस धरता येते का बघेन. जमलं तर पुढेही येत जाईन.

केस पुसून येऊ नकोस.

बाकी सारं समक्ष, असंच एकमेकांचे राहू.

तुझा,
दादा

ता. क. बाकावरची खिडकीकडची जागा तुझी.