शहाण्णव समाधानी वाचक

प्रिय वकीलसाहेब,

हे पत्र हाताला लागताच तुझ्या कपाळावर आठ्या पडतील, हे मी आधीच गृहीत धरले आहे. ठिपके कुठे खोल, कुठे पुसट, आणि शब्द ओळीच्या टोकाशी नको तिथे तुटलेले. ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवून उजवीकडून डावीकडे उलटी अक्षरे टोचत जाणे मला अजून साधलेले नाही. तीन संध्याकाळी खर्ची घालून हे तेरा कागद झाले आहेत आणि बोट सुजले आहे ते निराळेच. शाळेत तू मला ब्रेल शिकवायला कितीदा समोर बसवलेस, आणि दर वेळी मी म्हणत असे, कशाला, मी देते की वाचून. आता ग्रंथालयातल्या प्रकल्पासाठी शिकले. शाईने लिहिले असते तर तुझ्या वहिनींनी ते तुला वाचून दाखवले असते, आणि त्या कितीही मायाळू असल्या तरी या पत्रातले सगळेच त्यांच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोहोचावे असे मला वाटत नाही. बोलून पाठवावे, तर फोनसमोर माझी दातखीळ बसते. प्रगतिपुस्तकावर बाईंनी ‘मुखदुर्बळ’ असा शेरा मारला होता आणि तू तो वाचून घेऊन वर्षभर मला त्याच नावाने हाक मारलीस, ते काही उगाच नव्हे.

आधी मला मनसोक्त वैतागू दे, कारण दीड वर्ष मी हा वैताग केवळ टाचणवहीत लिहीत आले आहे. आमच्या ग्रंथालयातला दृष्टिबाधितांचा वाचनकक्ष दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या अगदी टोकाला आहे. लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंतच जाते. दारावर कक्षाचे नाव ब्रेलमध्ये कोरलेली पितळी पाटी आहे. ती सुताराने चौकटीच्या वर, माझ्याही हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर ठोकली आहे, कारण ग्रंथपालबाईंच्या मते तिथेच ती शोभून दिसते. मी स्टुलावर चढून तिच्यावरून बोट फिरवले, तेव्हा कळले की ती उलटीही बसवली आहे. आत आलमारीत ब्रेल पुस्तके उभी ठेवायला हवीत, हे तू झोपेतही सांगशील. पण आमच्या शिपायाला नीटनेटकेपणाची भारी हौस. त्याने मोठे खंड खाली, लहान वर, अशी देखणी चळत रचली आहे. चार वर्षे वजनाखाली राहिलेल्या तळच्या खंडांवरून बोट फिरवले तर नुसता गुळगुळीत कागद लागतो.

आणि नियम ऐक. एका वाचकाला एका वेळी दोन पुस्तके. एखादी साधी कादंबरी ब्रेलमध्ये पाच खंडांची होते, आणि प्रत्येक खंडाची नोंद वेगळी, म्हणून ग्रंथालयाच्या लेखी ती पाच पुस्तके. म्हणजे नायिकेचे लग्न ठरेपर्यंत घरी न्यायचे, मग दोन बसा बदलून परत आणून द्यायचे, आणि तोवर तिसरा खंड कोणी नेलेला नसेल तर तिचा संसार पुढे सुरू. मी यावर दोन पानी टिपण लिहून बाईंच्या मेजावर ठेवले. बाई म्हणाल्या, अहो, नियम सगळ्यांना सारखा. उद्या डोळस वाचक पाच-पाच पुस्तकं मागायला लागले तर मी कुठे जाऊ. तू असतीस तर त्यांना तिथेच कोंडीत पकडले असतेस. ज्या दिवशी तुला ‘वकीलसाहेब’ हे नाव पडले, त्या दिवशी भूगोलाच्या गुरुजींना तू विचारले होतेस ना, नकाशा भिंतीवर टांगून ‘सगळे इकडे पाहा’ म्हणता, त्यातले माझे ‘पाहा’ कुठे आहे? गुरुजी दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नद्या करून घेऊन आले. मी शेजारी बसून लाजेने पार लाल झाले होते. तू नद्यांवरून बोट फिरवत होतीस.

परंतु या सगळ्याहून मोठा प्रकार आमच्या प्रश्नावलीचा. प्रकल्पाचा विषय तुला माहीत आहेच: दृष्टिबाधित वाचकांना ग्रंथालयाची सेवा कशी मिळते आणि ती कशी सुधारावी. त्यासाठी प्रकल्पाच्या सरांनी वीस प्रश्नांची प्रश्नावली काढली. कागदावर छापून. टपालाने. मी भीत भीत विचारले की ज्यांच्यासाठी आहे त्यांनी ती वाचायची कशी. सर हसून म्हणाले, घरात कोणी ना कोणी असतंच की हो, तुम्ही फार खोलात जाता. आणि मी माझ्याच हाताने पाकिटे चिकटवली. एकशे बारा प्रश्नावल्या भरून आल्या. त्यांतले शहाण्णव वाचक सेवेविषयी ‘पूर्ण समाधानी’ निघाले. सर इतके खूश झाले की त्यांनी तक्ता रंगीत करायला सांगितला. मी तक्ता करायला बसले आणि सातव्या प्रश्नावर अडले. वाचनकक्षातील प्रकाशयोजना पुरेशी आहे का? एक्क्याऐंशी जणांनी ‘होय’ म्हटले होते. एकाने तर ‘खिडकीतून उजेड छान येतो’ अशी पुस्तीही जोडली होती. मग मी एकेका कागदाकडे नीट पाहिले. शाई कोणाची, अक्षर कोणाचे, सही कोणाची? बायका, मुले, सुना, शेजारी. एकशे बारांपैकी स्वतः वाचकाला विचारून भरलेली एकही आहे की नाही, हे सांगता येणे शक्य नव्हते.

मी फोन करायला लागले. होय, मी. दर फोनआधी पेलाभर पाणी पिऊन आणि काय बोलायचे ते कागदावर लिहून. पहिलेच घर एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरचे. त्यांच्या पत्नीने फोन घेतला आणि म्हणाल्या, ते ना, मजेत आहेत, समाधानी लिहून टाका. मागून आवाज येत होता, कोण आहे गं, काय विचारतायत? काही नाही हो, लायब्ररीवाले आहेत. अहो पण मला विचारतायत का तुला? एवढे झाले आणि फोन ठेवला गेला. पुढच्या आठवड्यात मी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेले. पत्नी बाजारात गेल्या होत्या. आजोबांनी माझ्या पावलांवरूनच ओळखले की मी दारात उभी राहून बेल वाजवू की नको असा विचार करते आहे, आणि आतूनच म्हणाले, या, बेल चावत नाही.

तासभर ते बोलले. त्यांना ग्रंथालयातून ध्वनिमुद्रित पुस्तके घरपोच मिळतात: जगावे कसे, मन शांत कसे ठेवावे, राग कसा आवरावा. चार वर्षे हेच. ते म्हणाले, बाई, सगळ्यांना वाटतं आंधळ्या माणसाला उपदेश आवडतो. मला खून हवेत. शेवटपर्यंत खुनी कळू नये असे पक्के खून. हिला रक्त सोसत नाही, म्हणून यादीवर ही परस्पर शांतीच्या खुणा करते आणि मी ती शांती ऐकून ऐकून माणूस मारायच्या बेताला आलो आहे. मी हसले. कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसले. मग त्यांच्या नावाने भरून आलेल्या प्रश्नावलीत काय लिहिले आहे ते वाचायला त्यांनी सांगितले. मी वीसही उत्तरे वाचली. प्रकाशयोजनेशी आल्यावर ते म्हणाले, हे बरं आहे, माझी आवड तिची आणि माझे डोळेही तिचेच. रागाने नव्हे, कंटाळून म्हणाले. आणि मग सहज, पायाने चप्पल शोधत, विचारले: या कामावर आमच्यातलं कोणी नाही का घेतलं? कोणी अर्जच केला नव्हता? मी म्हटले, केला होता. ते म्हणाले, मग? मी म्हटले, मला उशीर होतोय. तीन जिने उतरून रस्त्यावर येईपर्यंत मी माझी पिशवी त्यांच्याकडेच विसरले आहे हेही माझ्या लक्षात आले नाही.

अर्ज तू केला होतास. मुलाखतीला मी तुझ्यासोबत आले होते, तुला ग्रंथालय अनोळखी म्हणून. तू आत वीस मिनिटे होतीस आणि बाहेर येताना तुझा चेहरा असा होता की मी मनातल्या मनात पेढेच वाटले. तू पाणी प्यायला गेलीस. तेवढ्यात सरांनी दार उघडून मला आत बोलावले. तू विचारलेस तेव्हा मी सांगितले की माझी सही हवी होती. सही नको होती. त्यांनी विचारले, तुम्ही मैत्रीण ना त्यांच्या, रोज येणं-जाणं जमेल का हो त्यांना? दोन बसा आहेत, शिवाय तो मोठा चौक. वर्गात उत्तर ठाऊक असूनही ज्या मुलीचा हात कधी वर गेला नाही, तिने क्षणाचाही विलंब न लावता म्हटले: एकटीला कठीण जाईल. खरे सांगते, त्या वेळी मला ते प्रेमाचे बोलणे वाटले. तू त्या चौकात उभी आहेस असे चित्र डोळ्यांपुढे आले आणि मी बोलून गेले. पंधरा दिवसांनी त्यांनी तुला नकार कळवला, आणि महिन्याभराने मला विचारले की तुम्हीच का येत नाही, विषय तुमच्या ओळखीचा आहे. तुला मी सांगितले की त्यांना ग्रंथालयशास्त्राची पदवी असलेले कोणी हवे होते. तू म्हणालीस, बरं झालं, निदान कोणीतरी आत गेलं. त्यानंतर तुझे फोन कमी कमी होत गेले आणि मी स्वतःला समजावले की तू कामात असशील. कामात होतीसच. वहिनींनी मागे सहज सांगितले की तू विमा कचेरीत फोनवर बसतेस आणि रोज दोन बसा बदलून एकटी जातेस. मध्ये रेल्वेचे फाटकही लागते म्हणे.

आता हे का लिहिले ते. मी अहवालात लिहून दिले आहे की एकशे बाराही प्रश्नावल्या रद्द धराव्यात आणि प्रत्येक वाचकाशी पुन्हा, तो एकटा असताना बोलावे. सर भडकले. दीड वर्षाचं काम पाण्यात घालता का, म्हणाले. पण आजोबांच्या नावाने आलेली वीस उत्तरे आणि पिशवी आणायला परत गेले तेव्हा त्यांनी स्वतः दिलेली वीस खरी उत्तरे मी शेजारी शेजारी मांडून दिली होती. सरांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी या मुलाखतींसाठी आणखी एक जागा मंजूर करून घेतली आणि गेल्या मंगळवारी जुनी फाईल काढली. म्हणाले, त्या तुमच्या मैत्रिणीने अर्जासोबत दिलेला आराखडा तेव्हा सगळ्यांत सरस होता. त्यांनी लिहिलंच होतं की कागदावर विचारू नका. पण त्यांना येणं जमणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी सांगितले की ते मी तुला न विचारता म्हटले होते. मग येतील का, असे त्यांनी पुन्हा मलाच विचारले, आणि या वेळी मला राग आला, त्यांचा आणि माझाही. मला माहीत नाही, त्यांना विचारा, असे म्हणून मी तुझा नंबर लिहून दिला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी ते तुला फोन करतील. बोलता बोलता माझ्या त्या वाक्याचा उल्लेख ते करतीलच, आणि ते तुला त्यांच्याकडून कळू नये एवढ्याचसाठी या तेरा कागदांचा खटाटोप. त्यांना हो म्हण, नाही म्हण, त्या नकाराचा जाब विचार. माझ्याशी बोलायचे की नाही, तेही तूच ठरव. फोन चालू असेपर्यंत मी खोलीबाहेर असेन, तू काय म्हणालीस ते कोणी मला विचारू नये म्हणून.

तुझीच,
मुखदुर्बळ