चौथी बॅटरी मिळणार नाही

प्रिय दादा,

आणि फोन आपटलास म्हणून मी गप्प बसेन असं समजू नकोस. गुडघाभर बर्फातून टेकडीवर चढतोस, रेंज येईस्तोवर हात वर करून उभा राहतोस, आणि माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत फोन कापतोस! मग चढतोस कशाला एवढा? "शहाणपण तुझ्यापाशी ठेव, बॅटरी पाठव, चिमेगचे दिवस भरत आलेत," एवढं ओरडायला? दिवस भरत आलेत हे मलाही कळतं. वहिनीचं बाळंतपण नऊ-नऊ दिवसांनी मोजायच्या हिवाळ्याच्या चौथ्या नऊत येतंय, बैलाचं शिंग गोठवणाऱ्या थंडीत, आणि त्या व्हॅनमधून तू तिला खिंड ओलांडून सोमच्या, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात नेणार आहेस. म्हणून तर मी बोलत होतो. पण तू ऐकशील तर तू बात्चुलून कसला! तेव्हा आता कागदावर ऐक. कागद कापता येत नाही. फाडलास तर वहिनी तुकडे जुळवून वाचेल, ती तसली आहे.

या हिवाळ्यात तीन बॅटऱ्या खाल्ल्यास. दोन तू जिल्ह्याला, आयमागच्या बाजारातून आणल्यास, एक मी पाठवली. तिसरी तर मेलेल्या मेंढीसारखी पोट फुगून फुटली, आणि तू म्हणालास, "शहरातला माल असाच." अरे, भरलेली बॅटरी गोठत नाही. रिकामी झालेली गोठते. ती रिकामी का झाली, हा प्रश्न तुझ्या मनात एकदाही येऊ नये? बॅटरी म्हणजे दुधाचं भांडं, दादा. गाय म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज करणारा तो अल्टरनेटर. तुझी गाय आटलीय आणि तू दर महिन्याला नवं भांडं घेऊन तिच्याखाली बसतोस. वर शेजारचा गोंचिगकाका बाजूला उभा राहून सांगतो, भांड्यालाच भोक असेल!

तुला वाटतं आपली रीत चुकत नाही. संध्याकाळी बॅटरी काढायची, घरात आणून शेगडीजवळ मेंढीच्या कातड्यात गुंडाळायची, सकाळी इंजिनाखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचं तसराळं सरकवायचं, बॅटरी बसवायची, किल्ली फिरवायची. पहिल्या झटक्यात सुरू. मग तू मिशीवरचं गोठलेलं दव पुसत म्हणतोस, "बघा, सिंह आहे सिंह." रीत चांगलीच आहे, आजोबांच्या लॉरीपासूनची आहे, मी नाव ठेवत नाही. पण तिनेच तुम्हाला फसवलंय. शेकून काढलेली बॅटरी मेलेल्या अल्टरनेटरची गाडीसुद्धा सुरू करते. गाडी सुरू झाली म्हणजे गाडी बरी, असं धरून तुम्ही निघता. पुढे बॅटरीच्याच पोटातलं खात खात जाता. दिवे लावले, हीटर लावला, की तासाभरात ती रिकामी. आणि डिझेलच्या गाडीला वीज कशाला, असं म्हणू नकोस. या जपानी व्हॅनची डिझेल सोडणारी झडपसुद्धा विजेवरच उघडी राहते. वीज संपली, झडप मिटली, गाडी जागच्या जागी.

मला हे आधी माहीत होतं असं नाही. परवा आमच्या गॅरेजात एक बाई व्हॅन घेऊन आली. शहराच्या वरच्या वस्तीतून माणसं आणते-नेते. मी बॅटरी बदलून दिली. दुसऱ्या दिवशी ती दारात. "पोरा, तू बॅटरी बसवलीस की माझ्यावर डोळा ठेवलायस? आता रोज यायला लावणार का?" सगळं गॅरेज हसलं. पुरेव उस्तादाने माझ्या टाळक्यात हाणली आणि मीटर हातात दिला. "आधी मोज, मग बदल. डोकं घरी शेगडीजवळ ठेवून आलास का?" मोजलं. बॅटरी आधी चार्ज करून घेतली; इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर, म्हणजे बॅटरी ठणठणीत. इंजिन चालू केलं की चौदाच्या पुढे जायला हवं. जातच नाही. बारावर येऊन आणखी खाली उतरतंय. पट्टा ताठ होता, वायरी घट्ट, इंजिनातून बॉडीला जाणारी जाड वायरही साफ. मी म्हटलं, अल्टरनेटर गेला, नवा टाकू. उस्ताद म्हणाला, "जोरात रेस कर." केली, आणि काटा एकदम चौदावर! बंद करून पुन्हा सुरू केली, पुन्हा बारा. भूत लागल्यासारखं.

उस्ताद आत वाकला, डॅशबोर्डकडे बघितलं आणि बाईला म्हणाला, "ताई, इथला लाल दिवा कुणी खाल्ला?" बॅटरीचं चित्र असतं ना, तिथे काळं भोक होतं. तिच्या नवऱ्याने काढला होता, उगाच वीज खातो म्हणून. उस्तादाने भंगारातल्या गाडीचा दिवा आणून बसवला. किल्ली फिरवली, लाल लागला. इंजिन सुरू झालं, लाल विझला. मीटर चौदाच्या वर. एवढंच. त्या दिव्यातून जी इवलीशी वीज जाते तीच अल्टरनेटरला जागं करते. दिवा काढलास की तो झोपलेलाच राहतो. फार जोरात पळवलीस तर कधी दचकून उठतो. म्हणून उन्हाळ्यात माळावर घोडं फेकल्यासारखी व्हॅन हाणतोस तेव्हा सगळं ठीक असतं, आणि हिवाळ्यात बर्फातून रांगत जातोस तेव्हा मरतं.

सगळे पुढच्या गाडीकडे गेले. मी मात्र ते भोक होतं तिथेच बघत उभा राहिलो. आपल्या व्हॅनमध्येही तसंच भोक आहे, दादा. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी थंडीने पट्टा घसरायचा, कुईकुई करायचा आणि दिवा लुकलुकायचा. तेव्हा गोंचिगकाका म्हणाला, "हाच मेला बॅटरी पितोय." आणि तू बकरं सोलायच्या सुरीने तो उपटून काढलास. आई म्हणालीसुद्धा, "अरे, त्यांनी काहीतरी विचार करूनच बसवला असेल." तर तू म्हणालास, "आई, जपान्यांना थंडी काय माहीत!"

त्यानंतर महिन्याभरात आईला ताप चढला आणि तू तिला घेऊन निघालास. निघताना ऊन होतं, खिंडीत दिवे लावावे लागले आणि गाडी तिथेच मेली. पुढचं मला सांगू नकोस, मी तिथे नव्हतो हे तू वर्षभर ऐकवतोयस. तुम्ही चालत गुराख्याच्या हिवाळी गोठ्यापर्यंत पोचलात. आईने एक हातमोजा तुला दिला, कारण तुझा कुठेतरी पडला होता. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती अजून हसते. दूध काढताना म्हणते, "दोन बोटांची सुट्टी झाली, आता तरी पोरांनी गाईखाली बसावं." मी फोनवर ऐकतो आणि घाईघाईने विषय बदलतो.

आणि तू काय सांगत फिरलास? व्हॅनमध्ये तेव्हा, मागच्या हिवाळ्यात, माझीच आधीची बॅटरी होती, मी पहिल्या पगारातून पाठवलेली. "शिजिरने स्वस्तातला कचरा पाठवला, त्याने आईचा हात खाल्ला." गोंचिगकाकाला सांगितलंस, मामाला सांगितलंस, दवाखान्यातल्या नर्सलाही. "त्याचे पाय खाणीत ठरले नाहीत, बाजारात ठरले नाहीत, गॅरेजात तरी किती दिवस!" पाय ठरत नाहीत हे खरं आहे. उद्या कोरियाला जायला मिळालं तर जाईन. पण वर्षभर मी ती बॅटरी मनात वाहिलीय, दादा. पांढऱ्या महिन्याच्या, नव्या वर्षाच्या सणाला घरी आलो नाही, कारण आईच्या त्या हातातून मटण भरलेल्या बूझची थाळी घ्यायची कशी, हे मला कळेना. मी त्या दुकानदाराशी भांडायला गेलो होतो, त्याची कॉलर धरली होती! चांगली होती ती बॅटरी. तिला कुणी पाजलंच नाही.

असो. शिव्या पुष्कळ सुचतायत, पण हे पत्र घेऊन तिकडे येणारा ड्रायव्हर निघायच्या घाईत आहे. त्याच्याबरोबर मीटर, नवा पट्टा आणि दोन दिवे पाठवतोय, एक हरवशील म्हणून. दिवा मागून घालून पाव फेरा पिळायचा. किल्लीवर लागलाच पाहिजे, इंजिनावर विझलाच पाहिजे. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पावडर गरम पाण्याने धू आणि लगेच कोरडी पूस. इंजिन चालू असताना मोज, चौदाच्या पुढे आहे का बघ. दिवे, हीटर लावून पुन्हा मोज. आणि गोंचिगकाका चालू इंजिनावर बॅटरीची वायर उपसून 'परीक्षा' घेतो, तसं करू नकोस, सगळं जळेल. करायचंच असेल तर त्याच्या गाडीवर करू दे.

पण हे पत्र दिव्यासाठी लिहिलेलं नाही. मीटरने चौदा दाखवले तरी त्या व्हॅनवर विसंबून कळा सुरू व्हायची वाट बघू नकोस. सोमच्या दवाखान्यामागे दिवस भरत आलेल्यांसाठी राहायची खोली आहे, शेगडी आहे, बाया आहेत. वहिनीला या आठवड्यातच, भर उन्हात, भाड्याच्या जीपने तिथे नेऊन ठेव. "जनावरांकडे कोण बघणार" हे रडगाणं नको, गोंचिगकाकाच्या मुलाला मजुरीवर ठेव. आईलाही बरोबर धाड, तिला हवंय ते, तुला सांगायला ती भिते. दिव्याचं मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तू सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. मला फक्त एकदा टेकडीवर चढून फोन कर आणि या वेळी कापू नकोस. बॅटरीसाठी जमवले होते तेच पैसे पाठवतोय, जीपच्या भाड्याला आणि मजुरीला, बॅटरीला एक दमडीही लावायची नाही: तीन लाख ऐंशी हजार तुग्रुग.

तुझाच, अजून रागावलेला,
शिजिर