दुपारी गीझर कोण लावतं?

१२ जानेवारी
गीझर पुन्हा खदखदला. सई आंघोळीला गेली आणि किंचाळत बाहेर. "मम्मा, इट्स गोइंग टु एक्स्प्लोड!" जाऊन पाहिलं तर वर डाळ शिजत असल्यासारखा आवाज, आणि नळाला पाणी कसलं, वाफच. बटण बंद केलं. सुधीर म्हणतो, "जुना झालाय, चालायचंच." चालायचंच काय? पोरीची दहावीची बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली, भाजली-बिजली म्हणजे? नवरा इंजिनीयर, पण घरातलं काही दुरुस्त करायचं म्हटलं की साहेब बहिरे.

१४ जाने.
संक्रांत. खालच्या मजल्यावर शहनाजभाभींना तिळगूळ दिला. महाडच्या त्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "तुमचा गीझर दुपारचा पण लय वाजतो. आमच्या बाथरूममध्ये ऐकू येतो. घरी कोण असतं?"
कोणी नसतं. मी अदलियाला ऑफिसात, सई शाळेत, सुधीर मीना सलमान बंदरात वर्कशॉपमध्ये. इथे आखातात लोक थंडीत गीझर दिवसरात्र चालू ठेवतात, पण आम्ही पडलो पुण्याचे. आंघोळी आटपल्या की बटण बंद, आणि खरंच बंद केलं का ते बघायला मी जिन्यातून परत वर येते. मग दुपारी वाजतं काय?
भाभींना भास झाला असेल. पण त्या भास होणाऱ्यातल्या नाहीत.

१६ जाने., शुक्रवार, इथली सुट्टी
मेकॅनिक आला. टाकी रिकामी केली, तळातून पांढऱ्या खड्यांचा हा ढीग! कॉइलवर क्षाराचा जाड थर, म्हणून खदखद. वर थर्मोस्टॅट चिकटलेला, त्यामुळे पाणी उकळलं तरी गीझर आपणहून थांबेना. "मॅडम, ये दिनभर चालू रहता है क्या?" मी म्हटलं, बिलकुल नहीं. त्याला काही पटलं नाही. सु. बाजूलाच, फोनमध्ये डोकं. एरवी मेकॅनिकला शंभर प्रश्न विचारणारा माणूस, आज चकार शब्द नाही.
दोन्ही नवीन बसवलं. "खलास, अब आवाज नहीं आएगा." नाही आला. सुटले.

१९ जाने.
डोकं दुखत होतं म्हणून ऑफिसातून लवकर आले. हात धुवायला गेले तर पाणी कढत. बटण बंद. फरशी ओली. म्हणजे कोणीतरी माझ्या घरात आंघोळ करून गेलं!! वॉचमनकडे किल्ली असते.

२० जाने.
वॉचमनला आडून विचारलं. "कोई नहीं आता मॅडम. सिर्फ साब." साब? कधी? तो गडबडला. "मालूम नहीं मॅडम."
सु. हल्ली घरी आंघोळ करतच नाही. म्हणे सईला पाणी पुरू दे, वर्कशॉपला शॉवर आहे. मी आपली कौतुक करत होते. संध्याकाळी त्याच्या टॉवेलचा वास घेऊन पाहिला. सिंकमधले कप मोजले. एकच निघाला. शी! कुठल्या थराला गेले मी. पण संशय जात नाही तो नाहीच.

२२ जाने.
लंचमध्ये टॅक्सी करून घरी. त्याची गाडी मागच्या गल्लीत, वाण्याच्या कोल्ड स्टोअरच्या आडोशाला. वर गेले, पर्समधून किल्ली काढली. आतून त्याचा आवाज, इंग्रजीत, फार अदबीचा. "येस सर, आय कॅन जॉइन इमिजिएटली." मग थोड्या वेळाने, "सिन्स डिसेंबर, सर."
डिसेंबरपासून नोकरी नाही. आणि रोज सकाळी डबा घेऊन निघतो.
बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. आता काय करू? दार न उघडताच खाली आले. आम्हा तिघांचे व्हिसा त्याच्या नोकरीवर. कंपनीने अजून रद्द केला नसेल तर ठीक. केला असेल तर? सईची परीक्षा तरी इथे होईल का?

२३ जाने., शुक्रवार
दिवसभर त्याच्याकडे बघतेय. बोल ना रे. पोरीपासून लपवतोस, कळतं मला. पण मी? मी कोण शेजारीण? राग येतो आणि लगेच रडू. विचारलं तर भडका उडणार, भिंतीपलीकडे सई. न विचारावं तर

२५ जाने.
नेहमीच्या वेळी आला. "आज वर्कशॉपमध्ये नुसती कटकट," म्हणाला, आणि अर्धा तास ती कटकट रंगवून सांगितली. मी पोळ्या लाटत ऐकलं. मग आज काय ते होऊनच जाऊ दे म्हणून पोळपाट बाजूला सारला. "सुधीर," म्हटलं.
तेवढ्यात सई आतून ओरडली, "बाबा, फर्स्ट पेपरला यू विल ड्रॉप मी, ना?"
"हो गं. त्या दिवशी रजा टाकतो."
मग माझ्याकडे वळला. "तू काहीतरी म्हणत होतीस."
"पोळी आत्ता वाढू का, विचारत होते."