बाकावरची गोलकीपर

बुधवार, ५ नोव्हेंबर

संघ जाहीर झाला. मुक्ता आहे. म्हणजे आहे, पण कशी आहे हे लिहायला पेन जड झालंय. गोलकीपर क्रमांक एक : आर्या. क्रमांक दोन : आमची मुक्ता. आइस हॉकीत गोलात एकच उभी राहते. दुसरी बाकावर, पहिलीला काही होईपर्यंत. चार देशांच्या पोरी इथे कुवेतला येणार, तीन दिवस सामने, आणि माझी पोरगी संपूर्ण चिलखत चढवून बसून राहणार.

लगेच वैशालीचा फोन. आर्याची आई. "अगं, दोघी सिलेक्ट झाल्या!" दोघी म्हणे. ताट आपल्या पुढ्यात असलं की 'सगळे जेवलो' म्हणायला सोपं जातं.

सुधीर : "छान झालं की." पेट्रोकेमिकल्समध्ये नोकरी करून हा नवरा इतका थंड कसा राहतो, कळत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सराव. बाहेर अजून घाम, आत बर्फाच्या मैदानाशेजारी सगळ्या आया शालीत. वै.चा नवरा बँकेच्या कामाला टोरांटोला गेला होता, आर्याचे पॅड तिकडचे, नवेकोरे. मु.चे कॅनडाला परत गेलेल्या एका कुटुंबाकडून घेतलेले. पट्टे तुटले म्हणून सुधीरने राई भागातल्या गॅरेजांच्या गल्लीत गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडून शिवून आणले. त्याने हौसेने लाल दोरा वापरला. पोरगी लँडक्रूझरच्या मागच्या सीटसारखी दिसते.

वै.ने अख्ख्या संघाला नाचणीचे लाडू आणलेले. कोच नूराने दोन खाल्ले. कोच कुवेती, तशी सरळ बाई. पण या देशात सगळीकडे वास्ता, म्हणजे आपला वशिला, लागतो, लाडवाचाही लागत असेल, असं मी सुधीरला म्हटलं. तो म्हणाला, "आर्या चांगली खेळते गं."

तेच तर दुखणं आहे. ती वाईट खेळली असती तर मी किती मोठ्या मनाची झाले असते!

रविवार, ९ नोव्हेंबर

ऑफिस. ताळेबंदात मन नाही. वै.च्या स्टेटसवर आर्या, आर्या, आर्या, मग एक गुलाब, मग परत आर्या. हृदय पाठवलं. लाल.

मंडळाच्या गणपतीत माझं प्रहसन झालं होतं, जळक्या शेजारणीवर. सगळ्यांत मोठ्याने वै. हसली होती. "तुला गं हे सुचतं कुठून?"

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पहिला सामना. जिंकलो. आर्याने ती रबरी चकती, पक, अडवली, अडवली, नुसती अडवली. मु.ने दार उघडलं. खेळाडू बदलताना बाकाशेजारचं दार उघडायचं, त्या आत आल्या की लावायचं, ही दुसऱ्या गोलकीपरची सेवा. उत्तम उघडते. लग्नाच्या हॉलवर ठेवतील.

सामना संपल्यावर ही धावत जाऊन आर्याच्या गळ्यात. कुणावर गेलीय? माझ्यावर नक्की नाही.

नाशिकला सासूबाईंना फोन. "मुक्ता खेळली का?" म्हटलं, "हो, फार छान." आता त्या सोसायटीभर सांगणार. सांगू देत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हरलो. आर्याच्या हातून सोपे सोपे सुटले. पहिला गोल झाला तेव्हा मी "अरेरे" म्हटलं. दुसऱ्यालाही म्हटलं. तिसऱ्याला "अरेरे" म्हणताना चेहरा सांभाळावा लागला. कोच नूराने वळून बाकाकडे पाहिलं. मु. उठली, हेल्मेट चढवलं. मीही उठले, पर्ससकट. कोचने मान हलवली, नको. आम्ही दोघी बसलो.

उद्याचा शेवटचा सामना. जिंकलो तर कप आपला.

संध्याकाळी वै.चा फोन. "येतेस का गं? आर्याची दृष्ट काढायचीय. आई गेल्यापासून आम्ही तुझ्याच हातची काढून घेतो." खालच्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, सुक्या मिरच्या घेतल्या आणि गेले. कुवेतमध्ये इतक्या बायका आहेत, पण या कामाला हिने नेमकी मला बोलावली.

आर्या स्वयंपाकघरात स्टुलावर, मान फोनमध्ये. मी मीठ-मोहरी-मिरच्यांची मूठ तिच्यावरून उतरवतेय : आल्यागेल्याची, शेजारणीची, मैत्रिणीची... हा शेवटचा शब्द जरा घाईत उरकला. मूठ गॅसवर टाकली. मिरच्या जळून कोळसा झाल्या आणि तिघींपैकी एकीलाही ठसका नाही! ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त, हे वै.लाही माहीत.

"बाई बाई, केवढी लागली होती! कोणाची असेल गं?"

मी म्हटलं, "एक्झॉस्ट चालू आहे ना, म्हणून."

"बंद आहे तो."

तेवढ्यात बेल वाजली. वै. दाराकडे गेली. आर्याने पटकन बाही वर केली. डावं मनगट सुजलेलं, निळं. "मावशी, कालच्या मॅचमध्ये स्टिक लागली. पक पकडताना इट किल्स. मम्माला सांगू नका प्लीज. कोचलाही नको, मला बसवतील."

मी म्हटलं, "बर्फ लाव."

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळ

सांगितलं, तर आर्या बसणार आणि मु. खेळणार. नाही सांगितलं, तर त्या पोरीचं मनगट जाणार. म्हणजे सांगायलाच हवं, यात विचार करण्यासारखं काही नाही. इतकं सरळ काम समोर असून मला माझाच भरवसा वाटत नाही. वै. काय म्हणेल? मी तिच्या जागी असते तर जे म्हटलं असतं तेच : हिला हेच हवं होतं.

आणि हवं होतंच की.

पोहे खाताना मु.ला हळूच विचारलं, "आर्याच्या हाताचं तुला माहितेय?"

"ऑफकोर्स. आय टेप इट फॉर हर."

"मग कोचला का नाही सांगितलंस? तू खेळली असतीस."

"म्हणूनच नाही सांगितलं." शेंगदाणे बाजूला काढत, जसं काही मी वार विचारलाय. मग मान वर करून, "तू सांगणारेस?"

मी चहा ओतला. तिला चहा लागत नाही, तरी तिलाही ओतला.

हिचं बरोबर आहे का? नाही. मनगट मनगट असतं, मैत्री गेली खड्ड्यात. चौदाव्या वर्षी ही इतकी सरळ, म्हणून चुकतेय. मी चुकीचं वागले तर ते सरळपणामुळे असं कुणी म्हणणार नाही.

वै.ला फोन लावला. "बोल गं," म्हणाली. आवाज थकलेला.

मी म्हटलं, "किती वाजता निघताय?"

"दीडला. तुम्ही?"

"आम्हीपण."

मग तीच म्हणाली, "आर्या सकाळपासून गप्प आहे गं. काल तुला काही बोलली का?"

"थांब हं, दार वाजतंय," म्हटलं आणि ठेवला.

दार वाजलं नव्हतं. मु. समोरच बसलेली, सगळं ऐकत होती. ताटली सिंकमध्ये ठेवून आत गेली.

अजून दीड वाजायचाय.