भावोजींचा न धुतलेला शर्ट

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचे. साडेतीन तास जीपने हाडं खिळखिळी केली, पण वर आल्यावर मी तिला सगळं माफ केलं. इथे ढग आभाळात कमी आणि अंगणात जास्त. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतात, जेवणाच्या टेबलावरून फिरतात आणि दुसऱ्या दाराने निघून जातात. झाडं शेंड्यापासून मुळापर्यंत शेवाळाने मढलेली, सालीचा खरा रंग कोणता ते सांगता येणार नाही. पानांतून दिवसभर ठिबक ठिबक चालू असते. मी दोन्ही हात पसरून अंगणात उभी राहिले, तर केस भिजले.

तीस वर्षं लॉन्ड्री चालवतेय, त्यामुळे ओल म्हणजे माझी जन्माची वैरीण. खोलीत शिरल्या शिरल्या उशीचा अभ्रा हुंगला, चादर दोन बोटांत धरून पाहिली. दमट, पण स्वच्छ. या पाहुणघराच्या मालकीणबाईंना तसं सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, इथे काहीच वाळत नाही, दोन दिवसांत सवय होईल. मी मनात म्हटलं, बघू कोण कोणाला सवय लावतं ते.

खिडकीजवळची कॉट ताईला दिली. भावोजींना जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून ती हो, नाही, पुरे, यापलीकडे बोलत नाही. तिच्या लेकीला चौथा महिना लागलाय, त्याचंही हिला काही नाही. भाचीने माझं दुकान सांभाळायचं कबूल केलं ते एकाच अटीवर, मावशी, आईला बोलती करून आण. मी हो म्हणून बसले. आता शब्द दिलाय म्हटल्यावर माघार नाही.

मंगळवार, ४

इथली पद्धत मोठी मजेशीर आहे. प्रत्येक पाहुण्याला एक झाड नेमून देतात. आपलं अंगावरचं, न धुतलेलं एखादं कापड त्याला बांधायचं, आणि रोज सकाळी तासभर खोडाला पाठ टेकून गप्प बसायचं. कापडाच्या वासावरून झाड माणूस ओळखतं, असं मालकीणबाईंचं म्हणणं. मला हसू आवरेना. मळकं कापड चारचौघांत टांगायचं, तेही मी! डोक्याचा रुमाल साबण लावून खसाखसा धुतला, पिळला आणि ओलाच बांधून आले. शेवटी धंद्याची अब्रू आहे.

ताईने मात्र पिशवीतून भावोजींचा निळ्या रेघांचा शर्ट काढला. शेवटच्या दिवशी त्यांच्या अंगावर होता तोच. सात महिन्यांत मी चार वेळा धुवायला मागितला, तिने हात लावू दिला नाही. तिच्या झाडाचं खोड माणसाच्या छातीएवढंच आहे. त्याला तिने शर्ट घातला, सगळी बटणं लावली, कॉलर सारखी केली. मला तो प्रकार आवडला नाही. पण कॉलर सारखी करताना ती हसली, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

तिसऱ्या खोलीत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. सभ्य गृहस्थ, तीन आठवड्यांपासून मुक्काम. बायकोबद्दल असं बोलतात की जणू ती शेजारच्या खोलीत बसलीय, आणि ती जाऊन सहा वर्षं झालीत. जेवताना त्यांच्या मानेवर, कॉलरच्या आत, हिरवा डाग दिसला. डाग ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण हा काही ओळखू आला नाही. विचारलं तर म्हणाले, दमट हवेने येतं.

गुरुवार, ६

ताई बोलली! तासाऐवजी अडीच तास बसली म्हणून बोलवायला गेले, तर ढगातून तिचा आवाज ऐकू आला. पाळणा नवा कशाला, जुनाच रंगवून घेऊ, असं कुणाला तरी सांगत होती. मध्येच थांबायची, ऐकायची, परत बोलायची. एकदा तर लाजल्यासारखी हसली. मी झुडपाआड उभी राहून पोटभर रडले, आनंदाने. भावोजींशी बोलत असेल तर बोलू दे, मनातलं बाहेर पडायलाच हवं.

माझं झाड माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तासभर बसून कंबर धरली, एवढीच काय ती कमाई.

शनिवार, ८

पोस्टमास्तर दोन वेळा जेवायला आले नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, त्यांनी मुक्काम वाढवलाय. मग त्यांचं ताट का मांडलं नाही? चपला तर दाराशीच होत्या. मी कपभर चहा घेऊन त्यांच्या झाडाकडे गेले.

तिथे कोणी नव्हतं. खोडाला त्यांचा मफलर होता आणि खाली शेवाळाचा मोठा उंचवटा. आधी लक्षात आलं नाही. मग दोन गुडघे दिसले. दोन खांदे. वर, अर्धा रुतलेला, चष्मा. मी तो ओढला. सहज आला नाही. निघाला तेव्हा शेवाळातून दमलेल्या माणसाने सोडावा तसा सुस्कारा आला.

मी पळत सुटले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मालकीणबाईंना जाब विचारला. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, इथे येणारा प्रत्येक जण कुणासाठी तरी झुरत येतो, इथे त्याचं झुरणं संपतं, यात वाईट काय? मी म्हटलं, जीप बोलवा. पुढची जीप बुधवारीच येणार म्हणे. फोन लागत नाही, आणि पायी उतरायचं तर ताईला घेऊन दोन दिवस.

घेऊन जाईन. दोन काय, चार दिवस लागले तरी.

रविवार, ९

रात्री माझा डोळा लागला तशी ताई उठून झाडाकडे गेली. आता जागची हलत नाही. हलू शकत नाही. स्वेटरची लोकर कुठे संपते आणि शेवाळ कुठे सुरू होतं तेच कळत नाही. ओढलं तर अशी किंचाळली की माझे हात सुटले.

शर्ट भरलाय. आतून. छाती वर-खाली होतेय.

ताई म्हणाली, "धाकटे, हे फार दमलेत गं. जरा टेकू दे."

मी म्हटलं, "भावोजींना आपण दोघींनी पोचवलं, ताई. हे लाकूड आहे."

तिने माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं. भीती तेव्हा वाटली मला. त्याआधी नव्हती वाटली एवढी.

सोमवार, १०

डोकं थंड ठेवून विचार केला. ओढून डाग निघत नाही, कापड फाटतं तेवढं. डाग कशाचा ते ओळखायचं आणि मग सोडवायचा.

झाडाने वास धरलाय. माझा रुमाल धुतलेला होता, म्हणून माझ्या वाटेला गेलं नाही. शर्टाचा वास काढला की त्याची ओळख पुसली जाईल. मग ताईला धरून ठेवायला त्याच्याकडे काय उरतं?

म्हणजे शर्ट धुवायचा. एवढंच ना? जन्मभर दुसरं केलंय काय मी?

स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं. सोडा, साबण, फरशीचा ब्रश. मालकीणबाई दारात आडव्या आल्या. असं आजवर कुणी केलं नाही म्हणाल्या. मी म्हटलं, "बाजूला व्हा. पाणी उकळतंय."

झाल्या बाजूला.

मंगळवार, ११

काल चार बादल्या, आज नऊ. शर्ट काढता येत नाही, शिवणी सालीत गेल्यात. खोडावरच घासते.

कॉलरची पिवळी रेघ निघेना. ताई रडते. मला कधी दिल्या नाहीत त्या शिव्या देते. म्हणाली, "तेवढाच वास उरलाय गं त्यांचा. तो तरी राहू दे."

मला माहीत होतं. म्हणून तर चार वेळा मागूनही हिसकावला नव्हता. आज तिच्या डोळ्यांदेखत तिचा नवरा धुऊन काढतेय मी. कोणत्या तोंडाने माफी मागू? मागितली नाही. घासत राहिले.

दुपारी खोड शहारलं. ताईचा डावा खांदा सुटला.

बुधवार, १२

सुटली. ताई सुटली!

स्वेटर तिथेच राहिला, पाठीची थोडी कातडीसुद्धा. जीपवाल्याने एक शब्द न विचारता तिला उचललं. जाताना तो पत्ता विचारत होता, तर ताईनेच सांगितला. गल्ली, घर, दाराचा रंग, सगळं. वर लेक पोटुशी आहे, गाडी हळू चालव म्हणाली — लेक गाडीत नसूनही.

मला हाका मारत होती. मी ढगातूनच ओरडले, बादल्या आवरते, पुढच्या खेपेला येते.

खोटं. पुढे होऊन निरोप देताच आला नसता. तीन दिवस त्या खोडावर घाम गाळला. छाती लावून, गाल लावून घासलं. शर्ट धुतला — माझा घाम कोण धुणार. उजवा हात कोपरापर्यंत आत आहे. सांगितलं असतं तर ताई परत येऊन बसली असती.

वही कमरेला खोचलेली होती, बरं झालं. डाव्या हाताने लिहितेय.

गुरुवार

साबणाचा तुकडा आहे. पाणी पानांतून पडतंच. घासते. बोटभर सुटतं, दोन बोटं धरतं —

मालकीणबाई खुर्ची घेऊन आल्या. बसा म्हणाल्या. खुर्ची लाथेने उडवली.

तारीख

खांद्यापर्यंत.

आता बोलायला लागलंय. ताईच्या आवाजात. धाकटे, दमलीस गं, टेक जरा —

चालणार नाही. ताई गेली. गाडीत बसली, पत्ता सांगितला, हे मी या कानांनी

साबण संपला

टेकणार नाही. ऐकलंस? पाठ मिळणार नाही तुला माझी. तीस वर्षं उभ्याने इस्त्री केलीय, सकाळी सात ते — पाय सुजले तरी, ताप असला तरी, एक दिवस, एक दिवससुद्धा मी खाली ब