किल्ली हिरव्या दारात मिळेल

१ जून, रविवार
चर्चमधली मिस्सा झाल्यावर फादर लिओन्सिओंनी मला दारात गाठलं. अकरा गावांना मिळून हा एकच पाद्री, सदा पळत असतो, तरी गाठलं. म्हणाले, हासिंता, सायकलवाल्यांचा नवा रस्ता आपल्या गावावरून जाणार आहे. वेशीवर बोर्ड लागेल आणि माळावरच्या मारियाच्या देवळाची किल्ली कोणाकडे मिळेल ते नावानिशी त्यावर रंगवतील.
मी म्हटलं, त्यात विचारायचं काय? सासूने मरताना किल्ली माझ्या हातात ठेवली, सगळं गाव जाणतं.
ते खाकरले. म्हणाले, मागे तुझ्याबद्दल तक्रारी होत्या. बाई दार उघडत नाही, उघडलं तर ओरडते. वीस जुलैला वायादोलिद शहरातून सायकल क्लबची माणसं रस्ता बघायला येतील. त्यांना देऊळ नीट दाखव, नाहीतर बोर्डावर दोनातिलाचं नाव जाईल.
दोनातिला म्हणजे माझी नणंद. सासू गेल्यापासून तिचा त्या किल्लीवर डोळा.
तक्रार साफ खोटी. मी उघडते की दार. दुपारची झोप सोडून. कपडे धुवायचे दिवस सोडून. आता देऊळ पडलं लांब माळावर, गाडी मुलाने नेली, गुडघे हे असे. म्हणून मी त्यांना दारातच सगळं सांगून टाकते. एक मारिया आहे, नाक उडालेली. एक बाक आहे. वर चिमण्या. ऐकून माणसं समाधानाने जातात. पुन्हा कोणी आलेलं नाही.
ठरवलं: १) गोड बोलायचं. २) सायकलवाल्यांना सायकलनेच घेऊन जायचं. लहानपणी मी गावात सगळ्यांच्या पुढे असायचे.

२ जून
नवऱ्याची, म्हणजे एवेलिओची, जुनी सायकल कोठारातून काढली. तिच्यावर कोंबडी बसायची. एवेलिओने विचारलं, कोण चालवणार? मी म्हटलं, मी. तो कोंबडीला म्हणाला, बये, तुझी जागा गेली.

५ जून
कबुतरखान्यापर्यंत गेले. मातीचा, गोल, गाव संपलं की लागतो तोच. वारा समोरून. परत वळले तर वारा पुन्हा समोरून. हा वारा दोनातिलाच्या माहेरचा. माझ्या नवऱ्याच्याही माहेरचा, म्हणा.
देऊळ तिथून इतकं जवळ दिसतं की हात लांबवला तर लागेल. जवळजवळ पोचलेच म्हणायचं.

८ जून, रविवार
बाहेरच्यांना घर सापडावं म्हणून दाराला हिरवा रंग दिला. चांगला, कलिंगडासारखा. दुपारी झोप लागते न लागते तोच दोन परदेशी सायकलवाले. मी गोड बोलले. खिडकीतूनच बोलले, पण गोड. म्हटलं, बाळांनो, या वेळी देवसुद्धा आडवा होतो. त्यांना भाषा कळली नसावी, एकाने दारावर थाप मारली. ओल्या रंगात पाचही बोटं उठली. मग मी जरा वेगळं बोलले. ते मात्र कळलं त्यांना.

१९ जून
बोटांनंतर कोणीच आलं नाही. शिस्त लागली माणसांना.
बारमध्ये मार्सियानो कॉफी देताना म्हणाला, अहो, ते सायकलवाले किल्लीवाल्या बाईचं काय कौतुक करतात. बाई बाटल्या भरून देते, कलिंगड कापते, मायेने बोलते.
कलिंगड? मग आठवलं, गेल्या वर्षी एका जर्मनाला फोड दिली होती. जरा आंबली होती. पण केलेलं वाया जात नाही. घरी येऊन एवेलिओला सांगितलं. तो खोकत बाहेर गेला.

२९ जून
कलिंगडांचा ट्रक आला होता. दोनातिलाने एवढी घेतली की ढकलगाडी लागली. एकटी बाई. गोड बोलायचं ठरलंय म्हणून फक्त एवढंच म्हटलं, वन्सं, पोट आहे की कोठार? ती म्हणाली, वहिनी, या उन्हात तहानलेली माणसं फार. तहानलेली म्हणे. हिच्या घरी येतंय कोण?

६ जुलै
कबुतरखान्याच्या पुष्कळ पुढे गेले. मग उतरले. बार्लीत उतरले. हार्वेस्टरवाल्याने मला आणि सायकलला घरी सोडलं. वाटेत म्हणाला, काकू, ब्रेक नाहीत हिला. मी म्हटलं, सपाट मुलखात ब्रेक कशाला लागतात?
गुडघा सुजलाय. उद्यापासून रोज सराव.

१३ जुलै
सराव नाही. सूज.
फादरांचा फोन. म्हणाले, हासिंता, मी चकित झालो, जो तो किल्लीवाल्या बाईला दुवा देतोय, तू किती बदललीस. मी म्हटलं, फादर, मी होते तशीच आहे. लोक सुधारले.
संध्याकाळी दोनातिला भेटली. तिची कीव आली. म्हटलं, वन्सं, वाईट वाटून घेऊ नका, बोर्डावर एकाच नावाला जागा आहे. ती म्हणाली, हो ना वहिनी.

२० जुलै, सकाळी
गळ्यात किल्ली. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब आहे. डोक्याला गवती टोपी, रुमालाने बांधून. वारा पाठीमागून. आज मारियाच ढकलतेय.

२० जुलै, संध्याकाळी
वारा खरंच पाठीमागून होता. क्लबच्या माणसांना मी मागे टाकलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी थांबा थांबा म्हणत होते, ते सायकलला. देवळाच्या भिंतीला लागून थांबले.
दार उघडंच. आत दोनातिला कलिंगड कापत होती. मारियाला नाक होतं.
मी म्हटलं, हे बेकायदेशीर आहे, किल्ली माझ्याकडे आहे. आणि सगळ्यांदेखत किल्ली कुलपाला लावली. कुलूप अंगठ्याएवढं.
दोनातिला हळूच म्हणाली, वहिनी, छप्पर गळालं तेव्हा दार बदललं, नाक बसवलं. चौथं वर्ष लागलं आता. गवंडी नवी किल्ली द्यायला तुमच्याकडेच आला होता. दुपारी.
आठवतोय मला तो. मी त्याला नाक उडालेल्या मारियाचं सांगून परत पाठवलं होतं.
फादरही आले होते, ते छपराकडे बघत राहिले. छप्पर छान केलंय.
येताना वारा समोरून. सायकल ढकलत आणली. एवेलिओला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, गावाला माहीत होतं. तुला कोण सांगणार? दुपारी तू झोपतेस आणि बाकीचा वेळ तूच बोलतेस.

२ ऑगस्ट
कोंबडी परत सायकलवर बसते. दोनातिलाने बदाम पाठवले, कवचासकट. किल्लीने फोडले. छान फुटतात.
वेशीवर बोर्ड लागला. एवेलिओ वाचून आला, तोंड दाबून. मग मीच गेले. लिहिलंय: देवळाची किल्ली दोनातिला यांच्याकडे, चर्चच्या मागे. हिरव्या दारावर थाप मारू नये.
पुन्हा वाचलं. वन्संचं नुसतं नाव आहे. दार माझं आहे, रंगासकट.
ती बोटं अजून दिसतात. उद्या रंगाचा दुसरा हात देते.