आईच्या नावावरच्या गोळ्या

अण्णा,

घोडेगावच्या दवाखान्यातला तो केसपेपर आईच्या नावाचा होता, पण झोप गेली होती तुमची. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी दहावीला होते. शिनोलीहून शाळेला येता-जाता दवाखान्यात शिरायचं, "आईला झोप येत नाही, त्याच गोळ्या लिहून द्या," म्हणायचं आणि चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जायचं. "माझं नाव नको," तुम्ही बजावलं होतं. "डेपोत कळलं तर गाडी जाईल हातची." तुम्ही एसटीचे ड्रायव्हर, तळेघरच्या गाडीवर तुमचा जीव होता. आधी अर्धी गोळी पुरायची, मग एक, मग दोन.

एकदा डॉक्टर म्हणाले, "पुढच्या खेपेला आईला आण. पेशंट न बघता किती दिवस लिहून देऊ?" तुम्ही आईला म्हणालात, "जा की. दोन शब्द तर बोलायचे." त्याच आठवड्यात तुमचे कंडक्टर आपल्या ओट्यावर चहा पीत होते. तुम्ही आत कपडे बदलत असताना ते आईला हळूच म्हणाले, "वहिनी, डिंभ्याच्या पुढं दोनदा हाक मारली, तवा भाऊ भानावर आले."

दवाखान्यात आई लग्नकार्याचं पातळ नेसून स्टुलावर बसली आहे. डॉक्टर विचारतात, "कधीपासून झोप नाही?" मला वाटतं, आता ही अडखळणार. पण ती सांगत सुटते, "मागल्या दिवाळीपास्नं. उशी उलटी करायची, पानी प्यायचं, ओट्यावर जाऊन बसायचं. पहाटं कुठं डोळा लागतो, तवर डब्याची वेळ व्हती." सगळं तुमचंच होतं, अण्णा, जसंच्या तसं. मी पलीकडच्या खोलीत गाढ झोपलेली असायचे. तुमच्याबरोबर तीही वर्षभर जागीच होती, हे मला तिथं कळलं.

डॉक्टर लिहायला लागले तशी ती म्हणाली, "लिवू नका. हे माझं न्हाई, ह्यांचं हाय. ह्यांच्या गाडीत पन्नास माणसं असत्यात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना पाठवा. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करू. तोवर स्टेअरिंगला हात नको."

गोळ्या सुटायला सात महिने लागले. झोप आली, पूर्वीसारखी नाही, पण आली. डॉक्टरांच्या कागदावरून डेपोनं काढून घेतलेली गाडी मात्र परत मिळाली नाही. निवृत्त होईपर्यंत तुम्ही वर्कशॉपमध्ये टायर तपासलेत.

"डॉक्टरला कुणी सांगितलं?" गाडी गेली त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मी म्हणाले, "मी." महिनाभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. नंतर बोललात, पण जेवढ्यास तेवढं. शेवटपर्यंत तसंच.

आई आता माझ्याकडे असते. तिला वाचवायला मी खोटं बोलले, असं ती मानते, म्हणून हे पत्र तिलाही वाचून दाखवणार नाही. खरं एवढंच, की तिनं तोंड उघडलं तेव्हा मला हलकं वाटलं. तेच सांगायचं कितीतरी दिवस माझ्या ओठांवर होतं, अण्णा. दर चिठ्ठीच्या वेळी. मला धीर झाला नाही.